देश हेच नाव : द्राक्षमद्याच्या नावांचा इतिहास आणि दिंडोरीतील एक घर

१

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची वायनरी पाहण्याचा योग फेब्रुवारी महिन्यात आला. तमिळ व फारसी शिकवणारे दोन सहकारी बरोबर होते. मद्यासंबंधीच्या प्राचीन शब्दांची चर्चा आम्ही दिल्लीत वर्षभर करीत होतो. ज्या पदार्थाविषयी ही चर्चा चालली होती, तो तयार होताना आम्हा तिघांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता, म्हणून हा प्रवास. प्रस्तुत लेख त्या भेटीचा वृत्तान्त नाही. त्या घरातील एका वृद्ध गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न नीट कळावा म्हणून भेटीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

घर जुने, दोन खणी. मागे पत्र्याची मोठी शेड आणि त्यापलीकडे बाग. धाकट्या सुनेने वाइननिर्मितीचे शिक्षण घेतले आहे व शेडचा सगळा कारभार तिच्याकडे आहे. थोरला मुलगा बाग पाहतो. त्याने आम्हांला प्रथम वेलींतून हिंडवले. युरोपात किंवा अफगाणिस्तानात हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जाते. इकडच्या उष्ण हवेत तिला तशी झोप नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरमधील गोडी बहाराची छाटणी फळासाठी. पीक मात्र एकदाच घेतले जाते. रात्री थंड आणि दिवस उबदार अशा जानेवारी ते मार्चच्या काळात घड उतरवले जातात. भुरी आणि केवडा हे दोन रोग हा त्यांच्या बोलण्यातला नित्याचा विषय होता.

शेडमध्ये स्टीलच्या टाक्या होत्या. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस वेगळा काढतात आणि तो थंड ठेवून सावकाश आंबवतात. तांबड्या वाइनसाठी रस सालींसह आंबवावा लागतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. या टाक्या एप्रिलनंतर रिकाम्या पडत. जांभूळ मात्र पावसाच्या तोंडावर येते. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून जांभळे आणून त्याच टाक्यांत त्यांची वाइन करायला या कुटुंबाने काही वर्षांपूर्वी सुरुवात केली. जांभळात आंबण्यापुरती साखर नसते, म्हणून ती वरून घालावी लागते. फळांच्या वाइनचे मूळ हौसेत नसून रिकाम्या टाकीच्या हिशेबात आहे, हे सूनबाईंनी मोकळेपणाने सांगितले.

चव घेण्यासाठी तीन पेले मांडले गेले. पहिला चेनिन ब्लांकचा : फिकट, आंबटगोड, कच्च्या पेरूची आठवण करून देणारा. दुसरा शिराझचा : गडद, मिरीसारखा किंचित तिखट, जिभेला कोरडे करणारा. तिसरा जांभळाचा. त्याचा तुरटपणा इतका ओळखीचा होता की आम्ही तिघांनीही नकळत आपापली जीभ पाहिली. माझ्या सहकाऱ्यांपैकी एकाने सहज ‘ही दारू’ असा शब्द वापरला. थोरल्या मुलाने नम्रपणे, पण लगेच सांगितले, “सर, दारू म्हणू नका. वाइन म्हणा.”

ओट्यावर बसलेले त्याचे वडील हे ऐकत होते. घरात त्यांना अण्णा म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ. द्राक्षबाग त्यांनीच प्रथम लावली, खाण्याच्या द्राक्षांची. मुलांनी वाइनच्या वाणाची लागवड केली, तेव्हा त्यांनी अडवले नाही. आजही ते पहाटे बागेत असतात, परंतु शेडमध्ये पाऊल ठेवत नाहीत. अनेक वर्षे ते आपल्या दिंडीत विणेकरी होते. वायनरीचा परवाना मिळाल्यानंतरच्या आषाढीत वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. कोणी भांडले नाही, कोणी काही बोललेही नाही. अण्णा त्यानंतरही वारीला जातात, पण मागच्या ओळीत चालतात. हे सर्व आम्हांला मुलाकडून कळले. अण्णांनी फक्त एवढेच विचारले, “तुम्ही पुस्तकातली माणसं. मुलं याला वाइन म्हणतात, गाव दारू म्हणतं. तुमच्या पुस्तकात याला काय म्हटलंय?”

त्या वेळी मी दोनचार संस्कृत शब्द सांगितले. ते उत्तर अपुरे होते, हे परतीच्या प्रवासातच जाणवले.

२

अण्णांच्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील पंचविसाव्या अध्यायात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात मिळते. ग्रंथाच्या काळाविषयी मतभेद आहेत. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठातर्फे सिद्ध केलेल्या संपादनामुळे पाठ मात्र आपल्यासमोर स्थिर आहे. या अध्यायात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार येतात. पहिल्या पाचांपैकी बहुतेकांची ओळख पाककृतीने दिली आहे. उदाहरणार्थ, आसवासाठी एक तुळा कवठ, पाच तुळा काकवी आणि एक प्रस्थ मध. हे सरळसरळ फळाचे मद्य आहे. आंब्यापासून केलेल्या सहकारसुरेचाही पुढे उल्लेख येतो.

सहाव्या प्रकाराशी, म्हणजे मधूशी आल्यावर ग्रंथकाराची रीत बदलते. मधु म्हणजे द्राक्षांचा रस एवढेच तो सांगतो. तो कसा करावा, किती प्रमाणात काय घालावे, याविषयी एक अक्षरही नाही. त्याऐवजी, त्याचा स्वतःचा देश हेच त्याचे स्पष्टीकरण असे म्हणून तो दोन नावे देतो : कापिशायन आणि हारहूरक. पहिले कापिशीचे, म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेकडील बेग्रामच्या परिसराचे. दुसरे ज्या हारहूर प्रदेशाचे, तोही वायव्येकडचाच समजला जातो.

हा फरक लक्षणीय आहे. कवठाचे आसव कृतीने ओळखले जाते, कारण ते घरी होते. द्राक्षमद्य देशाने ओळखले जाते, कारण ते दुरून येते. जे आपण करतो त्याला कृती असते, आणि जे विकत घेतो त्याला गाव असते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.२.९९) कापिशी या स्थलनामापासून कापिशायन हे रूप सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे. त्या सूत्राची उदाहरणे देताना पुढे काशिकाकारांना मधु आणि द्राक्षा हेच दोन शब्द सुचले. एका गावाच्या मद्यामुळे व्याकरणात एक प्रत्यय कायमचा नोंदला गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बेग्राम येथे १९३७ पासून जोसेफ आकँ यांच्या नेतृत्वाखाली जे उत्खनन झाले, त्यात भारतीय हस्तिदंती कामाशेजारीच रोमन बनावटीची काचपात्रे सापडली. कापिशी ही व्यापाराच्या किती मोठ्या वाटेवर होती, याची त्यावरून कल्पना येते.

मधु हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. ग्रीकमधील ‘मेथु’ हा मद्यवाचक शब्द त्याचाच सगोत्र आहे. संस्कृतात त्याचे मध आणि मद्य असे दोन्ही अर्थ टिकले. मराठीने मात्र ‘मध’ या रूपातून मादकता पूर्णपणे काढून टाकली. आज मध मुलाच्या जिभेला लावतात. ज्या शब्दाने अण्णांच्या शेडमधील पदार्थ एके काळी ओळखला गेला असता, तो शब्द मराठीत आहे, पण त्याचा तो अर्थ नाही.

कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गात ही भूगोलाची जाणीव काव्यात उतरलेली दिसते. दिग्विजयाला निघालेले रघूचे सैनिक कलिंगात नारळाचे आसव पितात, तेही विड्याच्या पानांनी सजवलेल्या पानभूमीवर. पुढे पारसिकांच्या देशात, द्राक्षवेलींनी वेढलेल्या जमिनीवर उंची कातडी अंथरून, ते मद्याने विजयाचा शीण घालवतात. पूर्वेला नारळ, वायव्येला द्राक्ष. सैन्य कोठे पोहोचले हे कवी त्याच्या पेल्यातून सांगतो. बाराव्या शतकाच्या मध्यावर राजतरंगिणी लिहिणारा कल्हणही काश्मीरच्या दुर्लभ गोष्टींत विद्या, उंच घरे, केशर आणि हिमशीतल पाणी यांच्या जोडीला द्राक्षांची गणना करतो. द्राक्ष हे देशाचे लक्षण आहे, आणि तो देश नेहमी उत्तरेकडचा आहे.

या चित्राला एक महत्त्वाचा अपवाद आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात आसवांच्या नऊ योनी सांगितल्या आहेत : धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल आणि साखर. त्यांपासून होणाऱ्या आसवांची एकूण संख्या ८४, आणि त्यांतील २६ फळांची. या सव्वीसांत मृद्वीका, म्हणजे द्राक्ष, पहिली आहे. तिच्या पाठोपाठ खजूर, आवळा, जांभूळ, कवठ, बोर, फणस अशी फळे येतात. वैद्याच्या यादीत द्राक्ष परदेशी नाही. ते इतर फळांच्या पंगतीला, पंगतीच्या अग्रभागी, पण त्याच पंगतीला बसलेले आहे. सूनबाईंनी एकाच टाकीत आधी द्राक्ष व मग जांभूळ आंबवले, तेव्हा त्यांनी चरकाची यादी नकळत पुन्हा मांडली.

३

दख्खनला द्राक्षमद्य प्रथम भेटले ते व्यापारी माल म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वृत्तान्तात बरिगाझा, म्हणजे भडोच, या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्याचा समावेश असून इटलीच्या मद्याला विशेष पसंती होती. त्याखेरीज लाओदिकियाचे व अरबस्तानचे मद्यही येई. येथेही मद्याची ओळख देशानेच होते. त्याच ग्रंथात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असल्याची नोंद आहे.

नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन झाले, त्यात अशा मद्यवाहक कुंभांचे तुकडे मिळाले. पश्चिम भारतात मिळालेल्या या प्रकारच्या तुकड्यांपैकी काही रोमन नसून मेसोपोटेमियातील, आतून डांबराचा लेप दिलेल्या कुंभांचे आहेत, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. म्हणजे जहाज कोणत्या बंदरातून निघाले याचा निर्णयही पुन्हा तपासावा लागला. एवढे खरे की, ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच नेवाशाच्या मातीच्या खालच्या थरांत समुद्रापलीकडून आलेल्या कुंभांचे अवशेष होते. वारकरी परंपरेची आणि द्राक्षमद्याची ही शेजारीक अण्णांना सांगावी की नाही, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

तमिळ सहकाऱ्यांनी दिंडोरीच्या अंगणातच ‘पुरनानूरु’तील छप्पन्नाव्या कवितेची आठवण करून दिली होती. नक्कीरर हा कवी पांड्य राजा नन्मारनला यवनांनी सुंदर जहाजांतून आणलेले थंड, सुगंधी मद्य रोज सोन्याच्या पात्रातून पिण्याचा आशीर्वाद देतो. संगम काव्यात ताडीचे व धान्याच्या मद्याचे उल्लेख विपुल आहेत. ते गावाचे, पाहुणचाराचे, सैनिकांच्या मेजवानीचे मद्य आहे. यवनांचे मद्य मात्र राजाचे. संस्कृत आणि तमिळ या दोन परंपरा मद्याच्या बाबतीत एकच विभागणी करतात : जवळचे मद्य सर्वांचे, दूरचे मद्य प्रतिष्ठेचे.

सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू युआन श्वांग हा नियम वर्णांच्या भाषेत नोंदवतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे क्षत्रिय द्राक्षाचे व उसाचे मद्य घेतात, वैश्य तीव्र मद्य घेतात, तर ब्राह्मण आणि भिक्षू त्याच द्राक्षांचा व उसाचा न आंबलेला रस पितात. एकाच फळाचा रस आंबला की क्षत्रियाचा, न आंबला की भिक्षूचा. अण्णांच्या घरात ओट्यापासून शेडपर्यंत जे अंतर आहे, ते तेराशे वर्षांपूर्वी एका परक्याने असे मोजलेले आहे. याच प्रवाशाने महाराष्ट्रातील योद्धे लढाईपूर्वी मद्य घेतात आणि हत्तींनाही पाजतात, अशी नोंद केली आहे. त्या मद्याला मात्र त्याने कोणतेही गाव दिलेले नाही.

सोळाव्या शतकात बाबराच्या आत्मचरित्रात हे अंतर स्मरणरंजनाचे रूप घेते. काबूलच्या परिसरातील मद्यांविषयी तो जाणकाराच्या जिव्हाळ्याने लिहितो. तेथील काफिर लोक गळ्यात मद्याची कातडी पिशवी बाळगतात, हेही तो नोंदवतो. १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईपूर्वी त्याने मद्य सोडले. मात्र पुढे आग्र्याच्या बागेत लावलेल्या वेलींना द्राक्षे आली, तेव्हा हिंदुस्थानातही ती पिकू शकतात याचे त्याला अपार समाधान वाटले. द्राक्षाने प्रदेश बदलल्याचा आनंद नोंदवणारा हा उल्लेख आहे. त्या क्षणी त्याच्या समोर मद्य नाही, केवळ फळ आहे.

४

आता मराठीकडे येऊ. अण्णांच्या गावाने वापरलेला ‘दारू’ हा शब्द फारसी असून मुळात त्याचा अर्थ औषध असा आहे. फारसी सहकाऱ्यांनी हे सांगितले, तेव्हा थोरला मुलगा मोठ्याने हसला. मराठीत आल्यावर हा शब्द दोन स्फोटक पदार्थांना लागू झाला : एक बंदुकीत भरण्याचा आणि दुसरा पिण्याचा. दारूगोळा आणि दारूबंदी या दोन्ही सामासिक शब्दांत तो आजही सुखाने नांदतो. औषधाचा मूळ अर्थ तेवढा गळून पडला.

औषध या अर्थाची जागा मराठीत एका जुन्याच शब्दाने राखली आहे : द्राक्षासव. आयुर्वेदिक औषधांच्या कोणत्याही दुकानात ते मिळते. मनुकांच्या काढ्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुले घालून, भांड्याचे तोंड बंद करून ते आंबवले जाते. त्यात मद्यार्क असतो, आणि तो बाहेरून घातलेला नसून आंबण्यातूनच निर्माण झालेला असतो. सूनबाईंच्या टाकीतही रासायनिकदृष्ट्या हीच क्रिया चालते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. त्यात मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती की स्पिरिट, वाइन, बियर, ताडी हे सर्व तीत येई. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला, परंतु मद्यार्कयुक्त औषधांना लागू होणाऱ्या तरतुदी रद्द ठरवल्या. म्हणजे दारूचा औषध हा विसरलेला अर्थ न्यायालयाच्या निकालाने वेगळा काढून सुरक्षित ठेवला. अण्णा खोकल्यासाठी दोन चमचे द्राक्षासव घेतात. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

तिसरा शब्द ‘द्राक्षारस’. मराठी बायबलमधून तो वाचकांना परिचित आहे. काना येथील लग्नात पाण्याचे जे झाले, त्याला आपल्या भाषेत हाच शब्द आहे. आंबलेल्या आणि न आंबलेल्या रसातील भेद हा शब्द सांगत नाही. ज्या समाजात मद्य या शब्दाने धर्मविधीचे पावित्र्य डागाळले असते, तेथे रस या शब्दाने ते राखले. युआन श्वांगच्या भिक्षूंचा पेला आणि चर्चमधील पेला मराठीत एकाच नावाचा झाला.

चौथा शब्द काव्यातून आला. माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी उमर खय्यामच्या रुबायांचे मराठी अनुवाद केले. १९२९ मध्ये मूळ फारसीवरून ‘उमरखय्यामकृत रुबाया’ आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’. ‘द्राक्षकन्या’ हे नाव फारसी काव्यातील वेलीची कन्या या रूढ संकेताचे मराठी रूप आहे. या शब्दात लाज नाही, औषधही नाही. निखळ सौंदर्य आहे. म्हणूनच तो काव्याबाहेर पडू शकला नाही. कोणत्याही दुकानदाराने तो वापरला नाही.

दुकानापर्यंत आणि घरापर्यंत पोहोचला तो पाचवा शब्द, ‘प्याला’. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. मराठी मध्यमवर्गाच्या मनातील मद्याची प्रतिमा त्या नाटकाने निश्चित केली. तिच्यात द्राक्ष नाही, देश नाही, गावही नाही. आहे तो पहिला प्याला, आणि त्याच्यामागून येणारा सिंधूच्या संसाराचा नाश. गडकऱ्यांचा सुधाकर काय पितो, हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही, कारण त्याला महत्त्व नाही. पुढच्या काळात ग्रामीण भागातील स्त्रियांनी दारूची दुकाने बंद करण्यासाठी मतदानाची लढाई लढवली. तिची चिन्हे होती उभी बाटली आणि आडवी बाटली. बाटलीत काय आहे याने मत बदलत नव्हते. ज्या स्त्रीने घरात मार खाल्ला, तिला कापिशायन आणि मेदक यांतील फरक सांगणे हा उद्धटपणा झाला असता.

या पार्श्वभूमीवर थोरल्या मुलाच्या “दारू म्हणू नका” या वाक्याचा अर्थ लावावा लागतो. तो केवळ धंद्याचा बचाव करीत नव्हता. दारू, द्राक्षासव, द्राक्षारस, द्राक्षकन्या आणि प्याला हे पाच शब्द मराठीने तयार ठेवले आहेत. त्यांतील पहिला बदनाम, दुसरा औषधाचा, तिसरा धर्माचा, चौथा काव्याचा आणि पाचवा शोकांतिकेचा. शेतकऱ्याने आपल्या बागेच्या फळापासून केलेल्या, जेवणाबरोबर घ्यायच्या पेयासाठी यांपैकी एकही रिकामा नाही. म्हणून त्याने सहावा, परका शब्द घेतला.

५

नव्या काळातील घटनाक्रम थोडक्यात असा. १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात फ्रेंच तंत्रज्ञानाच्या साह्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. ती उमर खय्यामच्या नावाने विकली गेली. द्राक्षे जुन्नर तालुक्यातील, तंत्र शांपेनचे, नाव निशापूरच्या कवीचे. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. जे कुटुंब आम्ही पाहिले, ते या धोरणानंतर या व्यवसायात आले. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाद पेटला तो एका शब्दावर. वाइन ही दारू आहे की नाही? एका बाजूने शेतकऱ्याचे उत्पन्न सांगितले, दुसरीने घराघरांतील नाश. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. निर्णय विरोधात अडकला.

या वादात दोन्ही पक्ष नावाविषयीच बोलत होते, परंतु अर्थशास्त्राने सुचवलेल्या नावाचा विचार कोणीच केला नाही. शेडमधील बाटल्यांवर काय लिहिले होते, ते आता पुन्हा आठवून पाहावे. मोठ्या अक्षरांत वाणाचे नाव : चेनिन ब्लांक, शिराझ. चेनिन हे फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातील द्राक्ष. शिराझ हे तर इराणी शहराचे नाव, हाफिझच्या गावाचे. फारसी सहकाऱ्यांना ते पाहून प्रथम आनंद झाला होता. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या जनुकीय तपासणीने हे सिद्ध केले आहे की या वाणाचे आईबाप दोन्ही फ्रान्समधील आहेत आणि इराणच्या शिराझशी त्याचे नाते केवळ नावाचे आहे. एके काळी देश हे मद्याचे स्पष्टीकरण होते. आज देशाचे नाव बाटलीवर असले तरी तो देश त्या बाटलीत नसतो.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. हिमाचलातील किन्नौरमध्ये रिब्बा गावची अंगूरी प्रसिद्ध आहे. ती ऊर्ध्वपातनाने काढतात, म्हणून ती वाइन नव्हे, पण तिची ख्याती गावाच्या नावाने चालते. नाशिकच्या खोऱ्यातील वाइनला ‘नाशिक व्हॅली वाइन’ म्हणून भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे. कापिशीला पाणिनीने प्रत्यय दिला. नाशिकला तो १९९९ च्या कायद्याने दिला.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर मी आता असे देईन. पुस्तकांत याला मधु म्हटले आहे, आणि ज्या गावची द्राक्षे त्या गावाचे नाव त्याच्या पुढे लावले आहे. जांभळाच्या मद्याला वैद्यांनी आसव म्हटले आहे आणि द्राक्षाच्या पंगतीला बसवले आहे. गृहस्थाने सणासमारंभाला घरी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करावे, अशी मुभा अर्थशास्त्रात आहे, आणि सुरा व किण्वाचे काम स्त्रियांनी व मुलांनी करावे असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे घरगुती मद्यशाळा ही नवी गोष्ट नाही, आणि तिच्यातील सुनेचे कामही नवे नाही. परंतु तेच प्रकरण सुराध्यक्षाचे आहे. पिणारा किती पितो, कोणाबरोबर पितो आणि ऐपतीबाहेर खर्च करतो का, यावर राज्याची नजर त्यात आहे. पुस्तके अण्णांना शब्द देतात, वीणा परत देत नाहीत. प्राचीनतेचा दाखला हा निर्दोषतेचा दाखला नव्हे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. दिंडीतील माणसांना जे माहीत आहे ते ‘एकच प्याला’ पाहून किंवा न पाहता, आपापल्या घरांतून माहीत झालेले आहे.

निघताना मी अण्णांना विचारले की गावाचेच नाव बाटलीवर मोठ्या अक्षरांत घातले तर? ते बराच वेळ बागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गाव माझ्या एकट्याचं नाही.” नंतर त्यांनी एक विनंती केली : या लेखात त्यांचे किंवा गावाचे नाव येऊ नये. गावाचे नाव बाटलीवर तसे आहेच, मागच्या बाजूला, परवाना क्रमांकाशेजारी, पत्त्याच्या ओळीत, बारीक अक्षरांत. देश हेच नाव, असा या लेखाचा निष्कर्ष आहे, आणि ते नाव मात्र या लेखात छापता आलेले नाही.